निजविणारे आणि जागविणारे

महाराष्ट्राच्या जुन्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्यांनी पाटील-कुलकर्णी, बलुतेदार आणि अलुतेदार यांचा सविस्तर झाडा दिलेला आहे; परंतु निद्रेच्या दृष्टीने त्या व्यवस्थेकडे पाहू लागले म्हणजे एक मोठी चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते, ती ही की, माणसाला झोपेतून उठविण्यासाठी त्या समाजाने कितीतरी माणसे, वाद्ये आणि विधी यांची तजवीज करून ठेवली होती, पण त्याला निजविण्याच्या कामावर मात्र कोणाचीही नेमणूक केलेली नव्हती. डोक्यावर मोरपिसांची टोपी घालून चिपळ्यांच्या तालावर पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव, अंधारातच झाडावर चढून हाळी देणारा पांगुळ, देवळातील काकड आरती, देवाचे निमित्त करून साऱ्या घराला जागे करणारी भूपाळी आणि चार घटका रात्र उरलेली असतानाच घरोघर सुरू होणारी जात्याची घरघर, एवढा बंदोबस्त असल्यावर सूर्योदयानंतर अंथरुणात पडून राहण्याची मुभा आजाऱ्याखेरीज कोणालाच उरत नसे. उलट बाजूने पाहावे, तर देवाला निजविण्यासाठी शेजारती होती आणि तान्ह्या मुलाला निजविण्यासाठी अंगाई होती. या दोहोंच्या मध्ये जो धडधाकट संसारी माणूस येतो, त्याच्या झोपेची जबाबदारी त्याच्या दिवसभराच्या श्रमावर टाकून समाज मोकळा झाला होता. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण याच विश्वासाची साक्ष देते.

रात्री जागे राहणे ही गोष्टही त्या काळी सर्वस्वी व्याधीच्या सदरात टाकलेली नव्हती. एकादशीचे भजन, खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, महाशिवरात्रीचे चार प्रहरांचे पूजन आणि ‘कोण जागे आहे’ हा प्रश्नच जिच्या नावात गुंफलेला आहे ती कोजागरी, अशा अनेक रात्री जागरणाला वाहिलेल्या असल्यामुळे, ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे त्याला निदान त्या रात्री तरी आपले दैन्य लपविण्याचे कारण पडत नसे. यांत गमतीचा भाग असा, की जागण्याचा संकल्प करून कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला पूर्वरंग संपण्याच्या आतच डुलकी लागावी आणि तोच श्रोता घरी येऊन मऊ गादीवर पडला, की त्याने उजाडेपर्यंत आढ्याचे वासे मोजावेत, हा अनुभव गावोगावचा आहे. आपण तो विनोदाने सांगतो आणि विसरतो. परंतु त्या डुलकीत जे शास्त्र दडलेले होते ते ओळखण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आणि तोपर्यंत माणसाने झोप विकत घेण्याचे जे जे प्रयोग केले, त्यांचा इतिहास हा बव्हंशी फसलेल्या सौद्यांचा इतिहास आहे.

निद्रानाशाची व्यथा आधुनिक नव्हे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीररूपी घराचे तीन उपस्तंभ होत, असे सांगणाऱ्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, स्थूल आणि कृश देहांची चर्चा करणाऱ्या एकविसाव्या अध्यायात, झोप न येण्याच्या कारणांची मोजदाद आलेली आहे. कामाचा व्याप, काळ म्हणजे वय, अंगातील विकार, जन्मजात प्रकृती आणि वायूचा प्रकोप ही ती कारणे होत. आणि दोन सहस्र वर्षांनंतरच्या वैद्यालाही या यादीतून एखादे कारण सहजासहजी वगळता येणार नाही. उपाय म्हणून तेथे अभ्यंग, स्नान, दूध, तूप, दही-भात, मांसरस, सुगंध, मनाला रुचणारे शब्द, अंग चेपणे, सुखकर शय्या आणि नेमाची वेळ यांचा निर्देश आहे, तर निद्रा आणणाऱ्या पदार्थांत अग्रमान म्हशीच्या दुधाला दिलेला आहे. रात्रीच्या स्वभावानेच येणारी जी झोप, तिला त्या ग्रंथाने ‘भूतधात्री’, म्हणजे प्राणिमात्राची दाई, असे नाव दिले आहे. दाई हा शब्द येथे फार नेमका पडला आहे, कारण दाई बोलावली असता येते आणि मूल सांभाळते, पण तिच्यावर जबरदस्ती केली तर तिच्या हातून मूल सांभाळले जात नाही.

या ग्रंथोक्त उपायांचे घरगुती रूप महाराष्ट्रातल्या आज्यांनी आजतागायत जतन केलेले आहे. दुधात उगाळलेले जायफळ, गुळाबरोबर दिलेली पिंपळमुळाची चिमूट, खसखशीची खीर, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने केलेले घर्षण, या उपचारांनी कित्येकांना बरे वाटले असेल आणि वाटतही असेल. कारण सौम्य आणि प्रासंगिक अनिद्रेला एवढा दिलासा पुरतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आठवड्यातून तीन-तीन रात्री, तीन महिने आणि त्याहून अधिक काळ ज्याची झोप उडालेली असते, ज्याचे दुखणे आजच्या वैद्यकाने जीर्ण अनिद्रेत जमा केलेले आहे, त्याला जायफळ पुरत नाही. अशा माणसाने पूर्वी काय केले? त्याने बहुधा अफूकडे पाहिले.

अफू आणि मुंबई यांचा संबंध फार दाट होता. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, तिच्यावर सरकार दर पेटीमागे पासाची जकात घेई, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या पेढीवाल्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या दातृत्वातून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले त्याच्या पायाच्या दगडांखाली खसखशीच्या बोंडांचा थोडाबहुत चीक सांडलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषध-कारागिराने अफूतील सत्त्व निराळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेच्या नावावरून त्याचे नामकरण केले, तेव्हा झोप आता बाटलीत सापडली असाच समज झाला असला पाहिजे. परंतु अफूने येते ती गुंगी, आणि गुंगीची मात्रा दर महिन्याला वाढवून मागण्याचा तिचा तगादा कोणालाच चुकवता येत नाही.

या व्यसनाची सर्वांत करुण पाने गिरणगावात लिहिली गेली. कापडाच्या गिरणीत दिवसभर उभी राहणारी बाई आपल्या तान्ह्या मुलाला सोबत नेऊ शकत नसे आणि घरी ठेवायला माणूस नसे. तेव्हा कामावर जाण्यापूर्वी त्याच्या जिभेवर ‘बाळागोळी’ ठेवली जाई, आणि त्या गोळीत अफू असे. १९२२ साली सरकारसाठी या स्त्रियांची पाहणी करणाऱ्या एका स्त्री-डॉक्टरने, गिरणीकामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी शंभरात ९८ जणांना अफू दिली जाते, असा अहवाल दिला. अंगाईला वेळ उरला नाही म्हणून गोळी आली. त्या आईला दोष देण्यापूर्वी, तिच्या दिवसातले तास कोणी घेतले याचा हिशेब पाहिला पाहिजे.

तो हिशेब असा. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ साली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरण्यांत विजेचा प्रकाश आला. तोपर्यंत सूर्य मावळला की साचा थांबत असे. आता तो थांबविण्याचे कारण उरले नाही आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली होती खरी, पण प्रौढ पुरुषाच्या दिवसाला १२ तासांची कायदेशीर मर्यादा पडायला १९११ साल उजाडावे लागले आणि ती ११ तासांवर यायला १९२२. त्यात १९०६ च्या जानेवारीत हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. अर्थात गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजू लागला तर मजुराची पहाटेची जवळजवळ पाऊण तासाची झोप एका फर्मानाने जप्त होणार होती. गिरणीमजुरांनी त्याविरुद्ध काम बंद ठेवले, आणि नगरपालिकेने तर पुढे अर्धशतकभर मुंबईची जुनी वेळ चालू ठेवून हा तंटा जिवंत ठेवला. १९३० नंतरच्या दशकात रात्रपाळ्या वाढल्या, आणि एकाच खोलीत एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी अंग टाकू लागली. अंथरुणाला थंड व्हायला सवड नसे. वासुदेवाच्या जागी भोंगा आला, पण दोहोंत एक भेद होता: वासुदेव सर्वांना एका वेळी उठवी आणि सूर्याच्या हिशेबाने उठवी, भोंगा मालकाच्या हिशेबाने उठवी, आणि पाळी बदलली की उठण्याची वेळही बदले. ज्या एका खुंटीला झोपेचे दावे बांधलेले होते ती खुंटीच त्याने उपटली.

इकडे युरोपातील प्रयोगशाळा झोपेच्या नवनवीन सनदा काढीतच होत्या. लीबिगने १८३२ साली तयार केलेला क्लोरल हायड्रेट हा पदार्थ १८६९ साली बर्लिनच्या लीब्राइख याने झोपेचे औषध म्हणून पुढे आणला. मिरगीसाठी आलेली ब्रोमाइडे झोपेसाठी वापरली जाऊ लागली. आणि १९०३ साली एमिल फिशर व योझेफ फॉन मेरिंग या दोघांनी व्हेरोनल नावाचे औषध काढून बार्बिट्युरेटांच्या कुळाची स्थापना केली. या प्रत्येक औषधाची कुंडली विलक्षण सारखी आहे. आरंभी ते पूर्वीच्या औषधासारखे घातक नाही अशी ग्वाही. मग दहा-वीस वर्षे राजमान्यता. नंतर मात्रा वाढत जाणे, सवय जडणे, आणि अखेरीस अपघाती वा हेतुपुरस्सर मृत्यूंची मालिका. बार्बिट्युरेटांत झोपेची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत अंतर थोडे, आणि मद्याच्या संगतीत ते अंतर आणखीच कमी होते. १९६४ च्या ऑक्टोबरात गुरुदत्त यांच्यासारखा प्रतिभावंत, निद्रानाशाने गांजलेला कलावंत अवघ्या ३९ व्या वर्षी मुंबईत गेला, तो मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या अशाच संयोगाने.

बार्बिट्युरेटांच्या या अमलातच एका देशी वनस्पतीने जगाचे लक्ष वेधून घेतले. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे उन्मादावर आणि झोपेसाठी पूर्वापार वापरले जात होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या शामक गुणाबद्दल शास्त्रीय लेख लिहिला, आणि १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाचा पुरावा एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे पश्चिमेला तिची ओळख पटली. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे सत्त्व निघाले. अभिमानाची ही गोष्ट आहे यात संशय नाही. परंतु ते सत्त्व घेणाऱ्यांपैकी काहींना घोर विषण्णतेने ग्रासल्याचे वृत्तान्त लवकरच येऊ लागले, ही गोष्टही त्याच दप्तरात नमूद आहे. मूळ आपल्या अरण्यातले असले म्हणून त्याच्या परिणामांची जबाबदारी कमी होत नाही, हा धडा आज ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर भुलून खरेदी करणाऱ्या ग्राहकाने अवश्य घ्यावा असा आहे.

त्यापुढचे प्रकरण काळेकुट्ट आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध निर्धोक झोपेची गोळी म्हणून, डॉक्टराच्या चिठ्ठीवाचून, विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते घेतले, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते तेथे मागे घेतले गेले, तरी त्याच्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक मुले अपुऱ्या हातापायांनी जन्माला आली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईने निर्धोकपणाचा पुरावा अपुरा आहे या कारणावरून परवाना रोखून धरला आणि आपल्या देशातील अगणित मुलांना वाचविले. कारकुनी हेकटपणाचा इतका पुण्यप्रद दाखला दुसरा मिळणे कठीण. त्यानंतर लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेली लिब्रियम आणि व्हॅलियम ही औषधे १९६० आणि १९६३ साली बाजारात आली. ती बार्बिट्युरेटांपेक्षा खरोखरच कमी मारक होती, आणि आपल्याकडे साठीच्या दशकाच्या अखेरीस आलेली ‘काम्पोज’ ही तर मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटात अमृतांजनाच्या शेजारी जाऊन बसली. पण काही आठवड्यांच्या वर घेतली की त्यांचीही सवय जडते, आणि एकाएकी सोडली तर रात्र पूर्वीपेक्षाही बिकट होते. नव्वदीच्या दशकात प्रचारात आलेल्या झोल्पिडेमची गोष्ट निराळी नाही. २०१३ साली अमेरिकी सरकारने स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्मी केली, आणि २०१९ साली, झोपेतच उठून चालणे वा गाडी हाकणे यांसारख्या प्रकारांमुळे, त्याच्या वेष्टनावर अत्यंत कडक इशारा छापण्याचा हुकूम काढला.

गोळ्यांची धास्ती बसलेला माणूस साहजिकच ‘पूरकां’कडे वळला. मेंदूतील पिनीअल ग्रंथीतून रात्रीच्या अंधारात स्रवणारे मेलाटोनिन हे द्रव्य येल विद्यापीठाच्या अॅरन लर्नर यांनी १९५८ साली वेगळे केले. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने पूरकांना औषधांच्या कडक तपासणीतून सूट दिली आणि मेलाटोनिनचा बाजार मोकळा झाला. ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. म्हणूनच सागर ओलांडून आलेल्या प्रवाशाचे बिघडलेले घड्याळ सावरायला त्याचा उपयोग होतो. परंतु ज्याच्या शरीराला रात्र झाल्याचे पक्के ठाऊक आहे आणि तरीही झोप येत नाही, त्याच्या दारावर ही वर्दी पुनःपुन्हा पिटून फारसे साधत नाही. शिवाय माल चोख असेल याचीही हमी नाही: २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी ३१ उत्पादने तपासली, तेव्हा वेष्टनावरच्या आकड्याच्या तुलनेत आतले मेलाटोनिन कोठे ८३ टक्क्यांनी कमी, तर कोठे ४७८ टक्क्यांनी अधिक भरले. ट्रिप्टोफॅन नावाच्या पूरकामुळे १९८९ साली अमेरिकेत पंधराशेहून अधिक लोक एका विचित्र स्नायुविकाराने आजारी पडले, त्याचे कारणही दूषित माल हेच असल्याचा निष्कर्ष निघाला. आपल्या तगराचे विलायती भावंड जे व्हॅलेरियन, त्याबद्दलचा पुरावा तुटपुंजा आहे. आणि जिच्या शास्त्रीय नावातच निद्राकारक असा शब्द आहे त्या अश्वगंधेने काही लहान चाचण्यांत थोडासा गुण दाखविला, तरी जीर्ण अनिद्रेवरचा इलाज म्हणून तिला मान्यता मिळण्याइतकी ती साक्ष भक्कम नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत मेलाटोनिन, व्हॅलेरियन आणि ट्रिप्टोफॅन ही तिन्ही जीर्ण अनिद्रेसाठी न वापरण्याचा सल्ला दिला.

येथवरच्या साऱ्या प्रयोगांत एक गृहीतकृत्य समान होते, ते हे की, झोप ही आणता येण्याजोगी वस्तू आहे आणि वाद आहे तो केवळ कशाने आणावी एवढाच. या गृहीतकृत्यालाच हात घालणारी दुसरी परंपरा विसाव्या शतकात संथपणे वाढत होती. व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रांकल आपल्या अनिद्र रुग्णांना, झोपण्याचा प्रयत्न सोडा आणि जागे राहण्याचाच निश्चय करा, असे सांगत. आमच्या कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याची गोष्ट त्यांना कोणी सांगितली असती तर ते हसले असते, पण आश्चर्य करते ना. पुढे १९७२ साली रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याच अनुभवाची शास्त्रीय उपपत्ती मांडली. अनिद्र माणूस रोज तासन्‌तास अंथरुणात तळमळत राहतो, तेव्हा अंथरूण आणि जागेपण यांची मनात अशी सांगड बसते, की गादी दिसताच मन सावध होते. इतरत्र, म्हणजे आरामखुर्चीत, आगगाडीत किंवा देवळाच्या खांबाला टेकून, त्याला डुलकी लागते ती याचमुळे. ही सांगड तोडण्यासाठी त्यांनी नियम घालून दिले: डोळे जड झाल्याखेरीज अंथरुणात जाऊ नये; अंथरुणात चिंता, वाचन, हिशेब असे काहीही करू नये; अदमासे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे जाऊन बसावे आणि झोपेची झापड आल्यावरच परतावे; दिवसा निजू नये; आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे.

१९८७ साली न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन यांनी या पद्धतीला आणखी धीट जोड दिली. अनिद्रेची मूळ प्रवृत्ती एक असते, तिला निमित्त दुसरेच घडते, आणि निमित्त सरून गेल्यावरही तिला पोसणाऱ्या सवयी तिसऱ्याच असतात, असे त्यांचे निदान होते. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, दुखणे आले म्हणून झोप उडते; मग तिची भरपाई करण्यासाठी माणूस नऊ वाजताच अंथरुणात शिरतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी पडतो, आणि या भरपाईनेच तात्पुरत्या अनिद्रेला कायमचे वतन करून देतो. यावर स्पीलमन यांनी केलेला उपाय म्हणजे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या आपल्या म्हणीचीच उलटी बाजू होय: येथे पायांच्या मापाने अंथरूण कापायचे. समजा, एखादा गृहस्थ रात्री दहा ते सकाळी सहा असा आठ तास पडून राहतो आणि साडेपाच तास झोपतो. तर त्याने रोज सहाला उठायचे ते कायम ठेवून रात्री साडेबारापूर्वी आडवेच व्हायचे नाही. पहिले काही दिवस फार जड जातात. परंतु झोपेची भूक त्यामुळे साचते, तुकड्यातुकड्यांची झोप सलग होऊ लागते, आणि पडल्या वेळापैकी सुमारे नऊ दशांश वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा-पंधरा मिनिटांनी मुदत वाढवीत जायचे. पाच तासांखाली ही मुदत सहसा आणीत नाहीत.

या दोन पद्धतींना झोपेविषयीच्या अवास्तव धास्तीचे निराकरण आणि शरीर शिथिल करण्याचा अभ्यास यांची जोड देऊन कॅनडातील शार्ल मोरां प्रभृतींनी एक संपूर्ण उपचार सिद्ध केला. १९९९ साली त्यांनी ७८ वृद्ध रुग्णांवर गोळी आणि हा उपचार यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा गुण दोहोंनी आला. पण दोन वर्षांनी पाहिले तेव्हा सवयी बदललेल्यांचा गुण टिकून होता, गोळीवाल्यांचा ओसरला होता. २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने जीर्ण अनिद्रेच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला प्रथम हाच उपचार द्यावा, औषधांचा विचार त्यानंतर करावा, अशी शिफारस केली आणि पुढच्याच वर्षी युरोपातील तज्ज्ञांनी तिला दुजोरा दिला.

आता कोणी म्हणेल, की हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चरकाने झोपेला अनुकूल अशा सुखांची यादी दिली. जाणूनबुजून अंथरुणातले तास कापण्याची ही रूक्ष युक्ती त्या यादीत नाही. वासुदेव अनिद्रेवर उपचार करीत नव्हता, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला तर झोप हवीच होती, तिला ती मिळत नव्हती. मात्र एवढे खरे, की झोप हुकमात नाही, उठणे हुकमात आहे, या वस्तुस्थितीवर त्या समाजाचा दिनक्रम उभा होता. म्हणूनच त्याने जागविणारे नेमले आणि निजविणारे नेमले नाहीत. प्रयोगशाळेने जे तत्त्व प्रयोगांती सिद्ध केले त्याच्या शेजारून आपला आचार नकळत चालत होता, आणि भोंगा, रात्रपाळी, विजेचा दिवा व अलीकडे उशाशी तेवणारा फोन यांनी तो मोडला.

गोळ्या वर्षानुवर्षे घेत असलेल्या माणसाने हे वाचून त्या एका रात्रीत फेकून देऊ नयेत; त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच सोडाव्या लागतात. घोरताना श्वास अडकणे, पायांची तळमळ, मनाची घोर विषण्णता यांमुळे झोप उडाली असेल तर आधी त्या विकारांची तपासणी झाली पाहिजे. मिरगीच्या रुग्णांनी, उन्माद आणि विषाद यांच्या फेऱ्यात सापडलेल्यांनी, आणि ज्यांच्या हाती रात्रंदिवस मोटारीचे चाक असते त्यांनी अंथरुणाचे तास स्वतःच्या मनाने कापू नयेत. एका खोलीत सहा माणसे निजतात त्या घरात ‘दुसऱ्या खोलीत जाऊन बसा’ हा उपदेश हास्यास्पद ठरेल हेही खरे. पण दाराबाहेरची गॅलरी, जिन्याची पायरी किंवा स्वयंपाकघरातला पाट एवढी जागा चाळीतही निघते, आणि तेवढी पुरते. बाकी सर्वांना सांगणे एवढेच, की आज रात्री झोप कशी आणावी या चिंतेत अंथरुणावर पडण्याऐवजी उद्या सकाळी किती वाजता उठायचे ते आजच ठरवावे, आणि रात्र चांगली जावो की वाईट, सुट्टी असो की कामाचा दिवस, ती वेळ निदान महिनाभर तरी चुकवू नये.